गुडघ्याएवढ्या उंचीवरची येडशी

दीड वर्षाचं लेकरू एका तासात किती चालतं? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खरोखरच मोजलं. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळायला मोकळी सोडली, त्यांचं चित्रीकरण केलं आणि मग बसून एकेक पाऊल मोजलं. 2012 साली आकडे छापून आले: तासाला सरासरी 2,368 पावलं, सुमारे 700 मीटर अंतर आणि 17 वेळा पडणं. दिवसातले सहा तास जरी पोर असं खेळलं तरी चार किलोमीटर सहज होतात. आणि एवढं चालून ते अंगणाच्या बाहेर गेलेलं नसतं!

हे आधीच सांगतो, कारण आमच्या घरात सहलीची यादी झाली तेव्हा ती यादी मोठ्या माणसांच्या पायांची होती. रामलिंगचा धबधबा, तेरचं वस्तुसंग्रहालय, कुंथलगिरीचा पेढा, जमलं तर तुळजापूर. मुलानं मोबाइलवर सगळं कसं बसवलं होतं. धाकट्या नातीकडं बघत सून म्हणाली, “बाबा, हिची दुपारची झोप कुठं बसवायची?” त्याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, धाकटी जिथं रमेल तिथं थांबायचं. बाकीचं तुळजाभवानीवर सोडा.

आम्ही उतरलो येडशीला. धाराशिवच्या उत्तरेला विसेक किलोमीटर, सोलापूर-धुळे महामार्गावरचं, बालाघाटाच्या कडेवरचं गाव. पूर्वी इथून बार्शी लाइटची छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांवरून, कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत. आता तिथं मोठी गाडी धावते. गावाला लागून येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. 1997 साली जाहीर झालेलं, आकारानं सुमारे 22 चौरस किलोमीटर, म्हणजे मोठ्या व्याघ्र प्रकल्पांपुढे अगदीच चिमुकलं. पण मराठवाड्यात एवढं सलग जंगल दिसलं तरी माणूस गाडी थांबवतो. जंगलाच्या कडेनं एका शेतकऱ्यानं शेतात खोपी बांधल्या आहेत. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, पुढं सारवलेली ओसरी. मृग नुकताच निघाला होता. धबधबा अजून कोरडाठाक होता, आणि मुलाची यादी पहिल्याच ओळीला अडली.

थोरला नातू दुसरीत आहे. त्यानं भिंतीवर टिचकी मारून विचारलं, “आबा, ही भिंत पडणार नाही ना?”

या भागात हा प्रश्न साधा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीला जमीन हलली आणि लातूर-धाराशिवातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या वर होती, पण एवढी माणसं गेली ती नुसत्या धक्क्यानं नाही. घरं दगडाची. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती, दगडांमध्ये चुन्याऐवजी माती, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन त्या पहाटे अंगावर आलं. कुडाची भिंत हलते, वाकते, फार तर कलते. तिच्या खाली सापडलेला माणूस कपडे झटकून उठतो. नातवाला एवढंच सांगितलं, “ही पडलीच तर आपण तिला उचलून ठेवू.” त्याला ते पटलं.

धाकटी तोवर ओसरीच्या कडेला उकिडवी बसली होती. तिथून ती हलेना. मी वाकून बघितलं. पाचटाचं छप्पर जिथं पुढं आलेलं असतं, त्याच्या खाली हातभर रुंदीचा पट्टा पावसापासून कोरडा राहतो. तिथली माती पिठासारखी बारीक. आणि त्या मातीत गोल गोल खळगे. कुणी नरसाळं टेकवून उमटवल्यासारखे, काही बोटाच्या पेराएवढे, काही रुपयाएवढ्या रुंदीचे. घरच्या मावशी रोज अंगण झाडतात, पण हा पट्टा मात्र तसाच ठेवतात. “ऱ्हाऊ द्या की, त्येंचं बी घर हाय,” म्हणाल्या.

तर ऐका. एक होता किडा. त्याचं नाव मुंगीसिंह. नाव मोठं असलं तरी अंगानं तो चवळीच्या दाण्याएवढा, करडा, केसाळ, पोट फुगलेलं आणि तोंडाला दोन वाकड्या आकड्यांचा चिमटा. मुंगी दिसली की धावून जावं असे पाय त्याला नाहीत. त्याला बहुधा मागंच सरकता येतं. मागं चालणाऱ्यानं शिकार करायची कशी? त्यानं तोड काढली. शिकारच आपल्याकडं घसरत यावी अशी जागा त्यानं केली.

तो मागं सरकत मातीत गोल फिरतो, मोठ्या फेऱ्यापासून लहान फेऱ्याकडं, मळसूत्रासारखा. फिरता फिरता चपट्या डोक्यानं माती बाहेर उडवतो. खळग्याच्या भिंतींना तो असा उतार देतो की एक कणही जास्त चढ सोसणार नाही. खळ्यावर ज्वारीची रास घातली की ती एका ठरावीक उतारालाच थांबते, वर आणखी सूपभर ओतलं तर कडेनं घसरते. तोच हा उतार, फक्त रास उलटी करून जमिनीत खोचलेली. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली दाखवलं की या गोल फिरण्यामुळं जाड कण आपोआप बाहेर फेकले जातात आणि भिंतीला बारीक, निसरड्या मातीचं अस्तर उरतं. किड्याला भूमिती येत नाही. तो फक्त फिरतो आणि उडवतो. भूमिती मातीच करते.

मग तो तळाशी स्वतःला पुरून घेतो. चिमटा तेवढा उघडा. आता बघत बसायचं.

आम्हीही बसलो. धाकटी माझ्या मांडीला टेकून, थोरला पालथा पडून. बऱ्याच वेळानं एक काळी मुंगी काठावर आली. पाय घसरला. ती वर चढायला लागली तशी माती पायाखालून निसटली. तळातून मातीचा एक फवारा आला, मग दुसरा. मुंगीसिंह डोक्यानं माती उडवत होता. आता नीट लक्ष द्या: तो मुंगीला माती मारतो असं वाटतं, पण खरं काम वेगळं असतं. मुंगीच्या वरची भिंत ढासळते आणि मुंगी ढासळत्या मातीबरोबर खाली येते. चिमट्यात सापडली, एकदा हिसका बसला, आणि मातीत गडप. चिमट्याच्या आकड्यांत पन्हळी असतात. त्यातून तो मुंगीच्या अंगात पाचक रस सोडतो, आतलं सगळं पातळ झालं की शोषून घेतो आणि रिकामं टरफल काठाबाहेर भिरकावतो. ते टरफल नेमकं धाकटीच्या पायाजवळ पडलं. तिनं टाळ्या वाजवल्या. थोरल्याला मुंगीची दया आली. दोघांचंही बरोबर होतं.

आता या किड्याची मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट. अळीपणात याला शी करायची वाटच नसते. पोटाचा तो रस्ता मागं बंद असतो. महिनोन्महिने, काही जातींत दोन-तीन वर्षं, खाल्लेल्यातलं जे नको ते सगळं तो पोटातच साठवतो. पुढं वाळूचा आणि रेशमाचा गोल कोश विणतो, त्यातून नाजूक पंखांचा, चतुरासारखा दिसणारा किडा होऊन बाहेर पडतो, आणि तेव्हा कुठं एकदाचा मोकळा होतो. थोरला हसून हसून लोळला. सुनेनं धाकटीच्या लंगोटाकडं बघून सुस्कारा सोडला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

एक किडा मी तळहातावर घेतला. तो निपचित. मेला म्हणून नातू रडवेला झाला. नाही रे, सोंग आहे. ब्रिस्टलच्याच लोकांनी 2021 मध्ये लिहिलं की असं सोंग घेतलेला एक मुंगीसिंह 61 मिनिटं हलला नव्हता. आमच्याकडं तेवढा धीर कुणाचा? परत मातीवर ठेवला. थोड्या वेळानं तो मागं मागं सरकत मातीत शिरला.

दुपारी धाकटीनं काहीतरी तोंडात घातलं आणि आजी धावली. हा त्या वयाचा शोध घ्यायचा मार्ग आहे; डोळ्यांवर धाकटीचा विश्वास नाही, जिभेवर आहे. काढलं तर पांढरा खडा, एका बाजूला टोकदार चमकणारे दाणे. आपण त्याला गारगोटी म्हणतो.

ही गारगोटी कुठून आली ते सांगायचं तर सुमारे साडेसहा कोटी वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा इथं डोंगर नव्हता, जंगल नव्हतं, रामलिंग नव्हतं. जमिनीला भेगा पडून पातळ लाव्हा बाहेर येत होता आणि सपाट पसरत होता. एक थर थंड व्हायचा, मध्ये किती काळ जायचा, मग दुसरा थर. असे थरावर थर बसून दख्खनचं पठार झालं. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात. वरचा भाग थिजला की बुडबुडे आतच अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढं हजारो-लाखो वर्षं खडकातून पाझरणारं पाणी विरघळलेली सिलिका घेऊन त्या पोकळीत येतं आणि एकेक कण सोडून जातं. खडक झिजला, माती झाली. पोकळी भरलेली गारगोटी मात्र कडक, ती उरली. धाकटीनं चोखली ती चीज म्हणजे लाव्ह्याच्या बुडबुड्यात भरलेलं भरण. बालाघाटाच्या कडा पायऱ्या पायऱ्यांच्या दिसतात त्या याच थरांमुळं. पण हा थर अमर्याद खोल नाही. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल विवर खणलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर लाव्ह्याचा काळा खडक संपला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. पश्चिमेला सह्याद्रीत हीच जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे येडशीकर राहतात ते लाव्ह्याच्या पातळ होत गेलेल्या भागावर.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. शेतावरचे मामा म्हणाले, “पाऊस यायलाय बघा, घरात चला.” आम्ही ओसरीवरच थांबलो. पहिले टपोरे थेंब पडले आणि तो वास आला.

तो वास पावसाचा नाही, मातीचाही नाही म्हटलं तरी चालेल. मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू असतात. आपली कितीतरी प्रतिजैविकं त्यांच्याच जातीकडून आली. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. माती सुकलेली असताना ते मातीतच बसून असतं. थेंब कोरड्या जमिनीवर आपटला की खाली थोडी हवा सापडते, ती थेंबातून बुडबुडे होऊन वर येते आणि फुटताना सूक्ष्म तुषार उडवते. त्या तुषारांवर बसून जिओस्मिन नाकात येतं. माणसाचं नाक या एका द्रव्यापुढं भलतंच तीक्ष्ण आहे: एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. जिवाणूनं हा वास कशाला काढावा? 2020 साली एक उत्तर पुढं आलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे कणभर जीव टुणटुण उड्या मारत असतात. त्यांना या वासाची ओढ. ते येऊन जिवाणूला खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर, पोटात घेऊन दुसरीकडं नेतात. तेव्हा मृगाच्या वासानं आपण हळवे होतो, कवी होतो, हे ठीकच. पण आमंत्रण आपल्याला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं बोट दाखवून “ता… ता…” सुरू केलं. ओल्या अंगणात लाल मखमलीचा तुकडा चालत होता. मृगाचा किडा! शहरातल्या मुलांना हा दाखवायला आता गाव शोधावं लागतं. त्याला किडा म्हणायची आपली सवय, पण पाय मोजा: आठ. म्हणजे कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर वर येतो, तोही फार थोडा वेळ. नेमका तेव्हाच का? कारण त्याच पावसानं वारुळातून पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात. त्या खायच्या, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, परत खाली. पिल्लं नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगावर बांडगुळासारखी वाढतात. आणि एवढा लाल, एवढा संथ, तरी त्याला पक्षी का टिपत नाहीत? लाल रंगच सांगतो की चव वाईट आहे. कोंबडीही त्याच्याजवळून निघून गेली. काही ठिकाणी औषध म्हणून हे किडे पकडून सुकवून विकतात. मला हा प्रकार आवडत नाही. थोडा वेळ वर आलेल्या जिवाला बाटलीत भरायचं म्हणजे त्याचं वर्षच संपवायचं.

रात्री मामांनी बजावलं, “आबा, लेकराला दगडाखाली हात घालू देऊ नका. इच्चू लई हैत हितं. मिरग निघाला की भायेर पडतेत.”

मी नोटा तपासायची जांभळी टॉर्च मुद्दाम नेली होती. धाकटीला झोपवलं, थोरल्याला खांद्यावर घेतलं आणि पायात बूट घालून बांधाकडं गेलो. साध्या विजेरीत काही दिसेना. जांभळा उजेड टाकला आणि बांधाच्या दगडांमध्ये हिरवट-निळा विंचू पेटून उठला. नांग्या, शेपटी, शेवटचा काटा, सगळं लखलखीत. पोरानं माझा कान घट्ट धरला.

विंचवाच्या कवचात अशी काही द्रव्यं असतात की आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड ती पितात आणि दिसणारा हिरवा उजेड बाहेर टाकतात. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही; कवच कडक होत जातं तशी चमक येते. संग्रहालयातल्या बाटलीतला मेलेला विंचूही वर्षानुवर्षं चमकत राहतो. विंचवाला याचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लं देते, आणि पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर घेऊन हिंडते. हे कुळ चाळीस कोटी वर्षांहून जुनं आहे. त्या मानानं साडेसहा कोटींचा आमचा बालाघाट तरुणच.

पण विंचू हे नुसतं कौतुक नाही. लाल विंचवाचं विष लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं. एके काळी गंभीर दंशात शंभरातले तीसेक रुग्ण दगावत. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडात महाडजवळच्या सरकारी दवाखान्यात काम करत होते. डोळ्यांपुढं मुलं जाताना बघून त्यांनी या विषाचा पिच्छा पुरवला आणि ऐंशीच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं, स्वस्त, साधं औषध त्यावर वापरून दाखवलं. मृत्यूंचं प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली आलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं संशोधन छापून आलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा लहान मुलाला विंचू चावला तर मंत्रतंत्र नको, घरगुती औषधही नको, सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. आणि खोपीत राहायचं तर बूट झटकून घालायचे, अंथरूण झटकून पसरायचं, पाळण्याची झोळी भिंतीपासून लांब बांधायची.

माझ्या मुलाला मात्र भीती वाघाची. डिसेंबर 2024 मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. पट्टे जुळवून पाहिले तर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. तरुण नराला बापाच्या राज्यात जागा नसते, तो निघतो. याच टिपेश्वरच्या एका वाघानं 2019 मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत मजल मारली होती, नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांवर पायपीट. येडशीतल्या पाहुण्याला पकडून सह्याद्रीत सोडायचं ठरलं, पथकं आली, बरेच दिवस फिरली, वाघ काही हाती लागला नाही. लोकांची गुरं गेली, ते दुःख खरं आहे. पण पोर घेऊन ओसरीवर बसणाऱ्यानं वाघापेक्षा विंचवाचा विचार करावा, हे माझं मत मी मुलाला तिथंच सांगितलं.

परतताना रामलिंगच्या देवळात गेलो. दरीत खाली उतरायला पायऱ्या आहेत. धाकटीनं प्रत्येक पायरीवर बसून उतरायचं ठरवलं, त्यामुळं सगळ्या पायऱ्या आम्हाला नीट बघायला मिळाल्या. माकडं रांगेनं बसलेली, हातातली पिशवी हेरणारी. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूनं इथं अडवलं, इथंच तो पडला आणि रामानं त्याला शेवटचं पाणी पाजलं, अशी या ठिकाणाची कथा. आवारात जटायूची समाधी दाखवतात.

थोरल्यानं विचारलं, “आबा, जटायू म्हणजे गिधाड ना? मग खरं गिधाड दाखवा.”

मी आभाळाकडं बघितलं. घारी होत्या.

जटायू पडला ती जागा येडशीतच आहे असं नाही. इगतपुरीजवळ टाकेदला तेच सांगतात, आंध्रात लेपाक्षीला तेच, केरळात चडयमंगलमला तर डोंगरावर जटायूचं अवाढव्य शिल्प आहे. पंडित यावर वाद घालोत. मला यातून वेगळंच दिसतं. ज्या त्या गावाला तो पक्षी आपल्याच माथ्यावर पडला असं वाटलं, कारण ज्या त्या गावाच्या आभाळात तो होता. मी लहान असताना गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. कुणी बोलवायला जात नसे. एक गिधाड खाली झेपावलं की मैलभरावरचं दुसरं ते बघतं, त्याला बघून तिसरं. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल की सडकं मांस आणि त्यातले रोगजंतू दोन्ही जिरतात. वास यायच्या आत हाडं उरायची.

नव्वदच्या दशकात ती कमी होऊ लागली. राजस्थानात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश मोजदाद करत होते. त्यांना झाडांवर मान टाकून बसलेली आणि मग खाली पडणारी गिधाडं दिसली. रोग असावा असं सगळ्यांना वाटलं. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतलं हजारातलं एक उरलं. 2004 साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांनी कारण शोधलं: डायक्लोफिनॅक. गुडघेदुखीला आपण घेतो तेच. लंगडणाऱ्या बैलाला ते टोचायचं, बैल पुढं मेला की गिधाडं खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. दर शंभर मेलेल्या जनावरांत एकात जरी ते औषध असलं तरी एवढा संहार व्हायला पुरेसं होतं, कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास पक्षी बसत. वर हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि पाचेक वर्षांनी वयात येतो.

गिधाडं गेली, ढोरं सडत राहिली, कुत्री वाढली, पाणी नासलं. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: गिधाडं नाहीशी झाल्यामुळं 2000 ते 2005 या काळात भारतात पाच लाखांच्या आसपास जादा माणसं दगावली असावीत. नातवाला हा आकडा सांगितला नाही. त्याला सांगितलं की हरियाणात पिंजोरला गिधाडांची पिल्लं वाढवतात आणि त्यातली काही आपल्या विदर्भात पेंचच्या जंगलात सोडली आहेत.

“मग ती इकडं येतील?”

वाघ आला, तर पंख असलेला का नाही येणार? पण तो यायचा तर वाटेतल्या गोठ्यांवर अवलंबून आहे, म्हणून हे शेवटचं बोलणं गाई-म्हशी-बैल राखणाऱ्या वाचकांशी. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक 2006 पासून बंद आहे. किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक 2023 मध्ये बंद झाली, निमेसुलाइड 2024 च्या अखेरीला. माणसांच्या औषधातलं उरलेलं इंजेक्शन बैलाला टोचू नका, कुणी टोचत असेल तर अडवा. जनावराच्या तापावर आणि सुजेवर मेलॉक्सिकॅम चालतं, त्यानं गिधाड मरत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर गोठ्यात आले की बाटलीवरचं नाव वाचा.